फंगसवर कोणतं औषध चालते ती टेस्ट : नागपूरच्या लॅबचा अनुभव, 4 स्टार

बाबाले शुगर, त्यात डोळ्याखाली सूज आली, गावाकडं सायनस सायनस करत आठ दिवस गेले, मंग एका दवाखान्यात दुर्बिणीनं नाकातला तुकडा काढला अन् तो घेऊन मी एसटीनं नागपूरले या लॅबमध्ये गेलतो. काउंटरवरच्या ताईनं झाकण उघडलं, वास घेतला अन् म्हणे, दादा हे फॉर्मालिनमध्ये, म्हंजे तुकडा टिकवायच्या रसायनात टाकलं, यातली बुरशी मेली, आता कल्चर, म्हंजे बुरशी वाढवून ओळखणं, होत नाही. दवाखान्यातल्या कोणालेच हे माहीत नव्हतं राजेहो! दुसऱ्यांदा तुकडा काढला तेव्हा मी सोता उभा राहून सलाईनच्या बाटलीत टाकायले लावला.

लॅबचं काम मात्र पक्कं. केओएच तपासणीत, म्हंजे तुकडा रसायन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात त्यात, संध्याकाळीच बुरशी दिसली, अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीचं इंजेक्शन सुरू झालं, इकडं किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढून राह्यलं. पाचव्या दिवशी कल्चर आलं, अ‍ॅस्परजिलस टेरियस नावाची बुरशी, अन् याच्यावर अ‍ॅम्फोटेरिसिन सहसा चालतच नाही म्हणे. 2021 पासून आमच्याकडं नाकात बुरशी म्हटली का म्युकर, म्हंजे काळी बुरशीच समजतात, पण म्युकरवर व्होरिकोनाझोल हे बुरशीचं दुसरं औषध काही कामाचं नाही अन् टेरियसवर तेच पहिलं औषध, म्हणून नाव कळणं लय गरजेचं.

मंग डॉक्टरनं विचारलं, वावरात काय फवारता? सोयाबीनवर टेब्युकोनाझोल हे बुरशीनाशक मारतो आम्ही, ते व्होरिकोनाझोलच्याच खानदानातलं, अशा फवारणीनं वावरातलीच बुरशी कधी कधी औषधाले दाद देत नाही, म्हणून टेस्ट कराच म्हणाले. प्लेटच्या छोट्या छोट्या खड्ड्यांत औषध निम्मं निम्मं कमी करत टाकतात, वरून बुरशीचे बीज, अन् 48 तासांनी पाहतात कोणत्या खड्ड्यापासून वाढ थांबली. बाबा म्हणे, म्हंजे पंपात औषध कमी-जास्त करून पाहतो तसंच न.

रिपोर्टवर अ‍ॅम्फोटेरिसिन 4, व्होरिकोनाझोल 0.5. मले वाटलं 4 मोठा म्हंजे तेच भारी! उलटं असते, आकडा जितका लहान तितक्या कमी औषधात बुरशी थांबते, अन् दोन औषधांचे आकडे असे सरळ तोलायचेही नसतात, हे तिथल्या मॅडमनं फोनवर दहा मिनिटं समजावलं.

आता बाबाची सूज उतरली, व्होरिकोनाझोलची गोळी घेतल्यावर थोडा वेळ बल्बाभोवती रंग दिसतात, ते या औषधानं होते म्हणे.

एक स्टार कापला तो रिपोर्टवर मराठीत एक ओळ नाही म्हणून, अन् बाटलीत काय टाकायचं हे बुकिंगच्या फोनवरच सांगितलं असतं तर बाबाच्या नाकात दोनदा दुर्बीण काहून गेली असती?