काकू, नियम रोज बदलतोय

1,16,910 रुपये. अमेरिकेला फराळ पाठवताना फसले, त्यात गेलेला आकडा आधीच लिहून टाकते. नवऱ्याला महिनाभर साठ हजारच सांगत होते, निदान इथे तरी खरं सांगू दे.

अकरा वर्षं मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. ठाण्यापुढच्या या पट्ट्यात दर दुसऱ्या इमारतीत कुणाचा ना कुणाचा मुलगा अमेरिकेत आहे. त्यामुळे चकल्या तळण्याइतकंच खोकी बांधणंही माझ्याकडे आलं. आईवडील पैसे माझ्या हातात देतात. कुरिअर, पत्ते, वजन, सगळं मी बघते. इतकी वर्षं एक खोकं इकडचं तिकडे झालं नाही. 2025 च्या दिवाळीआधी मात्र नेहमीच्या कुरिअरवाल्याने हात वर केले. "अमेरिकेचं बुकिंग नको ताई, डोक्याला ताप."

ताप खराच होता. 7 ऑगस्टला अमेरिकेत भारतीय मालावर 25 टक्के ड्युटी, म्हणजे आयात कर, लागली, 27 ऑगस्टला आणखी 25. 29 ऑगस्टपासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्युटीमाफी गेली. पोस्टाने 25 ऑगस्टपासून पार्सलं थांबवली. आधी म्हणाले 100 डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालतील, आठवड्याच्या आत त्याही बंद. मी रोज पेपर वाचत होते. वहीच्या शेवटच्या पानावर तारखा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून आज इतक्या धडाधड सांगता येतात. म्हणजे मला काहीच माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. माहीत होतं, म्हणूनच जास्त जळतं.

स्टेशनजवळ एका गाळ्यावर नवीन बोर्ड दिसला: 'यूएसए, ड्युटीसह, घरपोच'. आत पंचविशीचा मुलगा, कपाळाला गंध, समोर वजनकाटा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 3 ऑक्टोबरला, मी चौदा खोकी रिक्षाने तिथे नेली. दोन फेऱ्या केल्या.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच डोळ्यांसमोर येतो.

एका खोक्यात पाच किलो फराळ, किंमत 3,400 रुपये. बांधून वजन सहा किलो. किलोला 780 प्रमाणे भाडं 4,680. त्याने दोन्हींची बेरीज केली, 8,080, आणि त्याच्या निम्मे, 4,040, ड्युटी म्हणून लावले. कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. मी त्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "अरे, भाड्यावर पण ड्युटी?"

विचारलं मी! तोंडातून प्रश्न निघाला होता. अमेरिकेत ड्युटी मालाच्या किमतीवर असते, भाड्यावर नाही. 3,400 चे निम्मे 1,700. किलोभर चकलीला किती तेल बसतं ते मी पैशात सांगते, एवढा हिशोब मला येत नाही का? त्याने मोबाइल पुढे केला, त्यावर कसलंतरी इंग्रजी परिपत्रक, आणि म्हणाला, "काकू, नियम रोज बदलतोय. कालपासून भाडं धरून आहे." माझ्यामागे दोन माणसं उभी होती. त्यातला एक घड्याळ बघत होता. आणि खरंच रोज बदलत होता हो नियम! वहीतल्या तारखा मीच लिहिलेल्या. 'कालपासून' म्हटल्यावर मी बोट उचललं.

तो इंग्रजी कागद मागून घ्यायला हवा होता, घरी आणून कुणाकडून तरी वाचून घ्यायला हवा होता. ज्याला नियमाचा कागद द्यायला जड जातं, त्याला पैसे देऊ नका.

खोक्याला 8,720, चौदांचे 1,22,080. पावती पिवळ्या वहीतली, हाताने लिहिलेली, जीएसटी नंबर नाही. ट्रॅकिंग नंबर म्हणून चौदा आकडे एकाखाली एक, फक्त शेवटचा अंक बदलत गेलेला, शाळेतल्या हजेरीपटासारखा. घरी येऊन टाकून बघितले तर काहीच येईना. "दोन दिवसांनी चालू होतात काकू." नंबर काउंटरवर उभं असतानाच कुरिअर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. मागे रांग असली तर असू दे.

यापेक्षा मोठी थट्टा नंतर कळली. एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेली 100 डॉलरपर्यंतची खरी भेट अमेरिकेत ड्युटीमुक्तच होती. बंद होती ती पोस्टाची सेवा. 3,400 म्हणजे जेमतेम 39 डॉलर. आईने लेकाला पाठवलेल्या त्या खोक्यावर एक पैसा ड्युटी लागायला नको होती. पण त्याने फॉर्मवर पाठवणाऱ्याच्या जागी सगळीकडे माझ्या गृहउद्योगाचं नाव घातलं. धंद्याच्या नावाने गेली की ती भेट राहत नाही, विक्री होते. मला वाटलं, बरं आहे, जाहिरात होतेय. पाठवणाऱ्याच्या रकान्यात आईचंच नाव हवं, आणि फॉर्म स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका.

16 ऑक्टोबरला सकाळी अकराला फोन आला. मी चकल्यांच्या दुसऱ्या घाण्यावर होते, हात पिठाचे. "न्यूयॉर्क कस्टमसे बात कर रहे हैं." फूड क्लिअरन्स अडकलाय, खोक्याला 2,850 भरा, नाहीतर माल नष्ट करणार. चौदा खोकी, पाच दिवसांवर लक्ष्मीपूजन. सातांचे 19,950 मी तिथेच यूपीआयने भरले, बाकीचे संध्याकाळी भरते म्हटलं. पैसे जाताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा बाईचं. हसा. अमेरिकेचं कस्टम हिंदीत बोलतं आणि एका बाईच्या खात्यात पैसे घेतं. संध्याकाळी ह्यांनी शांतपणे विचारलं, "आपले अकरा म्हणजे तिथे रात्रीचे दीड. कोण बसलं होतं ऑफिसात?" त्यानंतर उरलेले भरले नाहीत, एवढीच काय ती अक्कल. अमेरिकेत खाण्याची वस्तू पाठवताना तिथल्या एफडीएला, म्हणजे अन्न-औषध खात्याला, आगाऊ कळवावं लागतं हे खरं, पण ते ऑनलाइन होतं आणि त्याला फी नाही. थोडं खरं मिसळलेलं असतं, म्हणून तर गळाला लागतो आपण.

नऊ खोकी पोहोचली, नोव्हेंबरच्या अखेरीला, तुळशीचं लग्नही उरकल्यावर. दारात कुरिअरवाल्याने पुन्हा ड्युटी मागितली, वर त्यांची फी. एकीच्या मुलाला 41 डॉलर पडले. म्हणजे माझ्याकडून घेतलेली ड्युटी कुणी भरलीच नव्हती. 'ड्युटीसह' म्हणतात तेव्हा ड्युटीचं बिल पाठवणाऱ्याच्या नावे आहे असं कुरिअरच्या छापील कागदावर असायला हवं. बोर्डावर काहीही रंगवता येतं. पाच खोकी कुठे गेली, देव जाणे. गाळ्याला दिवाळीआधीच कुलूप होतं.

पाच घरांना फराळ, भाडं, ड्युटी धरून प्रत्येकी 12,120 परत केले, 60,600 झाले. नऊ घरांना ड्युटीचे 4,040 परत, 36,360. वर ते 19,950. कुणी मागितले नव्हते, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तर नकोच म्हणत होत्या. पण त्याच जिन्यातून मला रोज खाली उतरायचंय.

आणि ज्यांनी मदत करायची त्यांची तऱ्हा ऐका. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला". दुसऱ्या दिवशी "माल अमेरिकेत अडकला ना? मग गुन्हा तिथला." तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, तो वाचून हवालदार म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतः हाताने दिलेत, ही दिवाणी बाब आहे." पावती दाखवली. "यावर नंबर नाही, मग दुकान कुणाचं?" अहो, तेच शोधायला तर मी तुमच्याकडे आले! गाळ्याच्या मालकाला विचारा म्हटलं, तर "तुम्हीच विचारून सांगा". अर्जाच्या चार झेरॉक्स, आधार, बँकेचा उतारा, पुन्हा दोन झेरॉक्स कारण आधीच्या फाइलमध्ये सापडेनात. सायबरवाल्यांनी फक्त 19,950 ची तक्रार घेतली. दुकानात दिलेले पैसे 'सायबर' नाहीत म्हणे. त्यातही मी दुसऱ्या दिवशी रात्री फोन केला, लाजेपायी. सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरला पहिल्या तासातच फोन करा, लाज नंतर काढता येते. दहा दिवसांनी निरोप आला, त्या बाईच्या खात्यात 212 रुपये सापडले, ते गोठवलेत. ग्राहक तक्रारीच्या एका टेबलावर तर मला ग्राहकच मानेनात: "तुम्ही धंद्यासाठी सेवा घेतली." घरी येऊन भाच्याने कायदा काढून दाखवला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याने घेतलेली वस्तू 'धंद्यासाठी' धरत नाहीत असं लिहिलंय, सेवेचं नाव मात्र तिथे नाही. हे टेबलापलीकडच्या माणसाने मला सांगायचं की मी त्याला?

पोस्टाने 15 ऑक्टोबरला अमेरिकेची सगळी पार्सलं पुन्हा सुरू केली. ड्युटी तिथेच आगाऊ भरायची होती, जाहीर केलेल्या किमतीच्या 50 टक्के, भाड्यावर नाही. माझ्या घाईनंतर बरोबर बारा दिवसांनी. हे सगळे आकडे जानेवारी 2026 चे, तुम्ही वाचाल तेव्हा पोस्टाच्या खिडकीवर पुन्हा विचारा. तिथल्या बाई वैतागतात, पण छापील पावती देतात.

संक्रांतीच्या पाच दिवस आधी अनोळखी नंबरवरून मेसेज आला: 'तिळगूळ यूएसए, ड्युटीसह, घरपोच. नवीन नियमानुसार खास दर.' खाली तोच पिवळ्या पावतीचा फोटो, गाळ्याचं नाव फक्त वेगळं. स्क्रीनशॉट काढून हवालदारांना पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. त्याला आज अकरा दिवस झाले.