लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि तिथला देवमासा, बाबांना घेऊन गेलो होतो

5 पैकी 5. साउथ केन्सिंग्टन स्टेशनवरून चालत जाता येतं, एन्ट्री फुकट आहे, फक्त ऑनलाइन स्लॉट बुक करा आणि सकाळी उघडल्या उघडल्या पोचा.

बाबा रत्नागिरीहून आले होते. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू वाळूत अडकलेलं ते त्यांनी स्वतः जाऊन बघितलं होतं, लोकांनी ओली फडकी टाकली, पाणी मारलं, टग बोटीने ओढून समुद्रात नेलं आणि तरी ते मेलं, ते अजून त्यांच्या मनातून जात नाही. त्यांचा एकच प्रश्न, "तो श्वास हवेतच घेतो ना, मग किनाऱ्यावर मरतो कसा?" मला काय सांगता येईना, म्हणून इथे आणलं.

हिंट्झ हॉलमध्ये शिरलात की डोक्यावर निळ्या देवमाशाचा सांगाडा, 25.2 मीटर लांब, जबडा उघडून खाली सूर मारतोय असा टांगलाय. ही मादी 1891 मध्ये आयर्लंडला वेक्सफर्डजवळ वाळूच्या दांड्यावर अडकून मेली, आता तिचं नाव होप, 2017 पासून या हॉलमध्ये आहे. म्हणजे हीसुद्धा अडकलेलीच, हे कळल्यावर बाबा एकदम गप्प झाले.

खालून बघून निघू नका, जिना चढून वरच्या गॅलरीत जाच. पुढच्या पराच्या, म्हणजे पोहायच्या वल्ह्यासारख्या अवयवाच्या आत खांदा, कोपर, मनगट आणि बोटं सगळं आहे, फक्त बोटं चार! बाबा स्वतःचा हात समोर धरून एकेक हाड जुळवत उभे राहिले. मग शेपटी बघा, मासा शेपूट डावी-उजवीकडे मारतो, हा वर-खाली, कारण हा मासा नाहीच, आपल्यासारखा पिल्लाला दूध पाजणारा प्राणी. दात नसतात, वरच्या जबड्याला झालरीसारख्या पट्ट्या असतात, तोंडभर पाणी घ्यायचं, पट्ट्यांतून बाहेर सोडायचं, आत राहिलेलं क्रिल म्हणजे छोट्या कोळंबीसारखे जीव गिळायचे. होपच्या अशा पट्ट्या म्युझियमने जपल्यात आणि त्यांच्या अभ्यासातून तिच्या शेवटच्या 7 वर्षांचा प्रवास शास्त्रज्ञांनी शोधून काढला, हे मला सगळ्यात भारी वाटलं.

आणि बाबांचं उत्तर बरगड्यांत मिळालं. आपल्या बहुतेक बरगड्या पुढे छातीच्या हाडाला जोडलेल्या असतात, हिची फक्त पहिली जोडी, बाकीच्या खालून मोकळ्या लोंबतात. पाण्यात ते बरोबरच आहे, पाणी वजन पेलतं आणि खोल बुडी मारताना छाती दबू शकते. पण वाळूवर आला की स्वतःचंच वजन फुप्फुसांवर बसतं, त्यात चरबीचा जाड थर, अंगातली उष्णता बाहेर जात नाही, म्हणून ती ओली फडकी. बाबा म्हणाले, "म्हणजे लोक करत होते ते बरोबरच होतं." हो बाबा, बरोबरच होतं.

नंतर मॅमल्सच्या म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दालनात निळ्या देवमाशाचं पूर्ण अंगाचं मॉडेल बघा, हाडं आधी बघितली की ते जास्त कळतं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर नुसत्या या दोन गोष्टींना दोन तास ठेवा. डायनासोर दुसऱ्या दिवशी, आम्ही तसंच केलं.