जुन्या वसाहतीतलं स्वस्त घर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

शांततेबद्दल तक्रार नाही. बिनरहदारीचा रस्ता, मोठी झाडं, शेजारच्या भिंतीपासून सुटलेली जागा हे नव्या बांधकामात याच पैशांत मिळत नाही. पण घर स्वस्त सुटतं ते भिंतीआडच्या दुखण्यांमुळे, आणि नेमकं तेच आधी रंगाखाली झाकलं जातं.

सर्वांत मोठा खर्च पाण्याच्या लाइनचा. जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजून बुजत जातात. एकच नळ सोडला तर धार झकास वाटते. मोरी आणि स्वयंपाकघर, दोन्हीकडचे नळ एकदम सोडून बघा. एकाची धार करंगळीएवढी झाली, सकाळचं पहिलं पाणी तांबूस आलं, तर पूर्ण पाइपिंग बदलायचं धरूनच भाव करा. तुकडा बदलून भागत नाही, कारण पाना लावला की शेजारचा जुना सांधा सुटतो.

तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणारी तार, असेलच असं नाही. वायरमनकडून सॉकेट उघडून घ्या. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच, पण अर्थिंग नसेल तर ती बहुतेक वेळा बिघडलेल्या उपकरणाला कुणीतरी हात लावल्यावरच वीज तोडते.

ओल किती उंच आहे त्यावरून कारण कळतं. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर जाते आणि पांढरा खार सोडते. त्याच्या वर डाग असेल तर पाइप किंवा छत तपासा. वॉटरप्रूफ रंग हा निव्वळ देखावा: आतलं पाणी अडकतं, पोपडे धरतात. भिंतीला टेकलेला मातीचा वाफा काढून, पहिल्या तीन मीटरांत 15 सेंटीमीटर उतार बाहेरच्या बाजूला दिला, तर निम्मी लढाई तिथेच संपते.

स्लॅबवर खालून लाकडी दांडा ठोकत जा. बद्द आवाज आला तर बहुधा आतली सळई गंजून फुगली आहे. नुसता गिलावा टिकत नाही, सळई साफ करावीच लागते. केसाएवढ्या भेगांना घाबरू नका. तिरकी, तीन मिलिमीटरहून रुंद भेग मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आणि ती सावली देणारी झाडं! त्यांची मुळं जुन्या मातीच्या ड्रेनेज पाइपांच्या सांध्यांत शिरतात. चेंबरचं झाकण उघडून आत दोन-तीन बादल्या एकदम ओता. पाणी तुंबून हळूहळू उतरत असेल तर व्यवहाराआधी लाइनीत कॅमेरा घालून घ्या. रंगारी सगळ्यात शेवटी.