सोसायटीच्या हॉलमधली हॉट सीट : घोडबंदर रोडवरील एका प्रश्नमंजूषेविषयी

गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा, पैठणीचे खेळ आणि मुलांच्या वेशभूषा स्पर्धा यांच्या जोडीला ठाण्यातील सोसायट्यांमध्ये आता 'करोडपती'च्या धर्तीवर प्रश्नमंजूषा सादर करणारे संचही येऊ लागले आहेत. घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीने यंदा अशाच एका संचाला बोलावले होते. काही दोष स्पष्टपणे लिहायचे असल्यामुळे संचाचे नाव येथे देत नाही. मात्र असा कार्यक्रम ठरवताना नेमके काय पारखून घ्यावे, हे इतर समित्यांना कळावे यासाठी थोडे सविस्तर लिहीत आहे.

मांडणीबद्दल तक्रार नाही. दोन उंच खुर्च्या, मोठा पडदा, सुटसुटीत ध्वनियोजना आणि वेळेवर सुरुवात, हे सारे ठरल्याप्रमाणे झाले. रोख रकमेऐवजी पुस्तके व गृहोपयोगी वस्तू बक्षीस म्हणून ठेवण्याची समितीची सूचनाही त्यांनी आनंदाने मान्य केली. सूत्रसंचालक तरुण असले तरी स्पर्धकांशी अतिशय आदराने बोलत होते. उत्तर चुकलेल्या एका आजींना त्यांनी हात धरून व्यासपीठावरून खाली आणले आणि हॉलला टाळ्या वाजवायला लावल्या.

मला सर्वांत आवडला तो प्रेक्षकांचा कौल. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, तेव्हापासून ही लाइफलाइन घरोघरी माहीत आहे, परंतु ती उपयोगी का पडते याचा विचार फारसा होत नाही. ज्यांना उत्तर माहीत नसते त्यांची मते चारही पर्यायांत विखुरतात आणि ज्यांना माहीत असते त्यांची एकाच ठिकाणी गोळा होतात. मात्र त्यासाठी प्रत्येकाने स्वतःच्या मनाने मत द्यावे लागते. सोसायटीच्या हॉलमध्ये हात वर करायला सांगितले, तर लोक आधी शेजाऱ्याकडे बघतात आणि मग हात वर करतात. या संचाने प्रत्येकाच्या हाती चार रंगांची कार्डे दिली होती. निवडलेले कार्ड मांडीवर पालथे ठेवायचे आणि तीन म्हणताच सर्वांनी एकदम वर धरायचे, असा नियम होता. इतक्या साध्या योजनेने कौल खरोखरच कौल राहिला.

आता प्रश्नांविषयी, कारण अशा कार्यक्रमाची खरी किंमत तिथेच ठरते. सामान्यज्ञानाच्या प्रश्नात अचूक उत्तराइतकेच महत्त्व चुकीच्या पर्यायांना असते. 'महाराष्ट्रातील ३६ वा जिल्हा कोणता?' या प्रश्नाला त्यांनी पालघर, गोंदिया, हिंगोली आणि वाशिम असे पर्याय दिले होते. चारही जिल्हे अलीकडच्या काळातले आहेत: वाशिम १९९८ चा, हिंगोली व गोंदिया १९९९ चे, तर पालघर १ ऑगस्ट २०१४ चा. त्यामुळे नुसत्या अंदाजावर निभाव लागत नाही. पालघर ठाणे जिल्ह्यातूनच वेगळा झालेला असल्याने आमच्याकडे हा प्रश्न सोपा गेला. नागपुरात तोच शेवटच्या टप्प्यावर शोभला असता. श्रोते कुठले आहेत हे पाहून प्रश्नांचा क्रम बदलण्याची तयारी या संचाने ठेवावी, असे सुचवावेसे वाटते.

प्रश्नाच्या शब्दरचनेचे महत्त्व एका प्रसंगाने फार चांगले दाखवून दिले. 'भारतातील पहिली रेल्वे कोणत्या दोन ठिकाणांदरम्यान धावली?' असा प्रश्न पडद्यावर आला. बोरीबंदर ते ठाणे हे उत्तर ठाण्यात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी उभे राहून हरकत घेतली की मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ मध्येच दगड वाहून नेण्यासाठी रेल्वे चालत होती आणि १६ एप्रिल १८५३ चा मान पहिल्या प्रवासी गाडीचा आहे. सूत्रसंचालक क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काका, बरोबर आहे तुमचं. 'प्रवासी' हा शब्द हवाच होता." त्यांनी तिथल्या तिथे संगणकावर प्रश्न दुरुस्त केला आणि सर्वांना तो पुन्हा वाचून दाखवला. चूक दाखवून दिल्यावर ती इतक्या मोकळेपणाने सुधारणारा प्रश्नकर्ता मला मोलाचा वाटतो.

दुर्दैवाने हा मोकळेपणा पुढे टिकला नाही. 'भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?' या प्रश्नाला क्रिकेट, हॉकी, कबड्डी आणि 'यांपैकी एकही नाही' असे पर्याय होते. नववीतल्या एका मुलीने शेवटचा पर्याय निवडला आणि तिला चूक ठरवून खाली पाठवण्यात आले. वास्तविक कोणताही खेळ अधिकृतपणे राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही, असे उत्तर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने माहितीच्या अधिकाराखाली २०१२ मध्येच दिलेले आहे. पाठ्यपुस्तकांतून आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांतून हॉकीचे नाव वर्षानुवर्षे चालत आले, म्हणून ते खरे ठरत नाही. तिने आदबीने शंका विचारलीही होती, पण "यादीत हॉकी आहे" एवढेच उत्तर मिळाले. कार्यक्रम संपल्यावर समितीने लक्षात आणून दिले तेव्हा संचाने तो प्रश्न यादीतून काढला आणि मुलीला बक्षीसही दिले. तरी हॉट सीटवरची तिची संधी गेली ती गेलीच.

दुसरा आक्षेप गाजलेल्या प्रश्नांच्या पुनर्वापराविषयी आहे. २००० मध्ये हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले तो महान्यायवादींचा प्रश्न आणि २०११ मध्ये सुशील कुमार यांनी पाच कोटी जिंकले तो निकोबार बेटांचा प्रश्न, हे दोन्ही येथे अखेरच्या टप्प्यावर ठेवले होते. हॉलमधल्या निम्म्या लोकांना उत्तरे पाठ होती. यातून कार्यक्रम किती पाहिले याची परीक्षा होते, संविधान किंवा इतिहास किती वाचला याची होत नाही. प्रश्न वापरायचेच असतील तर उत्तरानंतर दोन वाक्यांचे स्पष्टीकरण द्यावे. महान्यायवादी संसदेचे सदस्य नसतानाही अनुच्छेद ८८ मुळे दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, मात्र त्यांना मतदानाचा अधिकार नसतो. डेन्मार्कचा आपल्याशी संबंध १६२० मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी येथे सुरू झाला आणि १८६८ मध्ये निकोबारवरील हक्क इंग्रजांना विकल्यावर संपला. हे सांगायला अर्धा मिनिट पुरतो आणि ऐकणाऱ्या मुलांच्या हाती काही तरी लागते. येथे मात्र "बरोबर उत्तर!" म्हणून संगीत वाजले आणि पुढचा प्रश्न आला.

'फोन अ फ्रेंड'विषयी थोडक्यात सांगायचे तर आमच्या तळमजल्यावरील हॉलमध्ये मोबाइलला नेटवर्क नीट मिळत नाही, त्यामुळे ही लाइफलाइन दोनदा वाया गेली. ऐरोली किंवा वाशीतील सोसायट्यांनीही आपल्या हॉलमध्ये आधी फोन लावून पाहावा.

ऑर्केस्ट्राच्या मानाने खर्च बराच कमी होता आणि लहानमोठे सर्व जण शेवटपर्यंत बसून राहिले, त्यामुळे पुढील वर्षी याच संचाला बोलवावे असे मी समितीत सुचवले आहे. मात्र दोन अटी घालण्याचा आग्रहही धरला आहे: स्पर्धेत भाग न घेणाऱ्या एका जाणकार सभासदाने प्रश्नांची यादी आदल्या दिवशी तपासावी, आणि स्पर्धकाने शंका घेतल्यास निर्णय देण्यापूर्वी त्याच सभासदाचे मत विचारावे. संचाने पहिली अट लगेच मान्य केली आहे. दुसरीवर बोलणे चालू आहे.