दिवेआगरचे आबा: वादळाचा धसका की नैराश्य?

समजा, तुम्ही लिहीत असलेल्या कथेतले आबा दिवेआगरचे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्यांची सुपारीची वाडी आडवी झाली. आता त्यांना आजार कोणता द्यायचा?

एक पर्याय पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताण. वारा सुटून पत्रा खडखडला की आबा दचकून उठतात, छाती धडधडते, वाडीकडची वाट टाळतात. हे महिन्याहून जास्त टिकायला हवं. चार रात्रींच्या वाईट स्वप्नांना पीटीएसडी म्हणू नका. असे प्रसंग लिहायला सोपे, म्हणूनच लिखाण भडक होतं.

मला नैराश्य जास्त पटतं. (दोन्ही एकत्रही असू शकतात.) नवी सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागणार आणि आबा पंचाहत्तरीचे. अशा वयाची माणसं ‘मी उदास आहे’ असं सहसा म्हणत नाहीत. ‘सूनबाई, पोट साफ होत नाही, अंगात त्राण नाही,’ एवढंच. पहाटे तीनला जाग. पानाच्या डब्यातला अडकित्ता कितीतरी दिवस उघडलेलाच नाही. दोन आठवडे जवळपास रोज असं चाललं, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. गोळ्यांचा गुण यायलाही काही आठवडे जातात, तेव्हा पुढच्याच प्रकरणात आबांना हसवू नका.