कृष्णधवल प्रिंट: एप्सनचा मोड की क्वाडटोन रिप?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांची पांढरी बाराबंदी प्रिंटरचा कस लावते. कापडाच्या चुण्या दिसायला हव्यात आणि पांढऱ्यावर हिरवट-गुलाबी झाक नको.

एप्सनचा 'ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' मोड २००५ मध्ये के३ शाईबरोबर आला. एक काळी, दोन फिक्या काळ्या आणि टोनसाठी रंगीत शाईचा किंचित हात. ड्रायव्हरमध्येच आहे, म्हणजे वेगळा खर्च नाही, आणि त्याच मशीनवर रंगीत ऑर्डरीही निघतात. खटकतं एवढंच, की प्रिंट कसा येईल हे स्क्रीनवर नीट कळत नाही.

क्वाडटोन रिप हे एप्सनच्या ड्रायव्हरऐवजी प्रिंटर चालवणारं, रॉय हॅरिंग्टन यांचं स्वस्त शेअरवेअर. कुठल्या छटेत कोणती शाई किती पडेल, हे कर्व्हने, म्हणजे शाईच्या आलेखाने, आपण ठरवायचं. मूळ शाईवरही चालतं, पण खरी मजा सगळ्या कार्ट्रिजांत काळ्या-करड्या कार्बन शाया भरल्यावर! बाराबंदीच्या चुणीत ठिपका शोधून सापडत नाही. शुद्ध कार्बन सहसा फिकटत नाही. मॅट कागदावर झाक मात्र तपकिरी येते, ती आवडायला हवी.

पण मग तो प्रिंटर रंगीत कामाला बाद. शाई तळाशी बसते, हलवत राहावी लागते. आपल्याकडच्या चाळिशीपारच्या कोरड्या मे महिन्यात मशीन पडून राहिलं की नोझल चोंदलेच म्हणून समजा.

स्टुडिओवाल्याने एप्सनचाच मोड वापरावा. प्रदर्शनासाठी मॅट कागदावर छापणाऱ्याने जुना प्रिंटर कार्बनला द्यावा, पण आठवड्याला एखादा प्रिंट काढणार असेल तरच.