स्कीचं सामान: काय विकत घेतलं, काय भाड्याने, दिवाळी ते पावसाळा वापरून

दिवाळीत घेतलेलं सामान फेब्रुवारीत जॉर्जिया देशातल्या गुडाउरी या स्की रिसॉर्टला वापरलं आणि आता त्यातलंच जॅकेट घालून घोटी-इगतपुरीच्या पावसात बाईकवर फिरते, म्हणून आता खात्रीने लिहिते. नाशकात कोणाशी बोललं की पहिला प्रश्न हाच, स्की कुठून घेतल्या? अहो, स्की, बूट, पोल सगळं तिथे भाड्याने मिळतं, ते ओझं विमानातून न्यायचं काही कारणच नाही. अंगाला लागून असतं ते मात्र स्वतःचं हवं, म्हणजे थर्मल, मोजे, ग्लोव्ह्ज आणि गॉगल.

पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले ते मेरिनो लोकरीच्या थर्मलचे. स्की करताना माणूस चांगला घामाघूम होतो आणि मग चेअरलिफ्टवर वाऱ्यात बसलं की तोच घाम गार पडतो, कॉटनचा टीशर्ट आत असेल तर हुडहुडी भरलीच म्हणून समजा. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा धरते तरी अंगाला ओली लागत नाही, आणि वासही कमी येतो त्यामुळे रोज धुवायला नको. माझं माहेर निफाडकडचं, थंडीत द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात तेव्हाही हाच थर्मल घालते. गार पाण्यात हाताने धुवायचा, न पिळता सावलीत आडवा वाळवायचा, एवढं केलं तर अजून विरलेला नाही की आखडलेला नाही.

मोजे एकच जोडी, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारे. थंडीच्या भीतीने दोन-दोन जोड्या चढवू नका, बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. बुटाचा नंबर सेंटिमीटरमध्ये असतो त्यामुळे पावलाची लांबी घरीच मोजून न्या. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. आणि दुकानदार वजन विचारतो तेव्हा खरं सांगा, प्लीज! वजन, उंची, वय, बुटाच्या सोलची लांबी आणि तुम्हाला किती येतं यावरूनच बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, सेट करतात, पडल्यावर स्की पायातून सुटायलाच हवी, नाहीतर गुडघा जातो.

गॉगलच्या काचेला एस० ते एस४ अशा कॅटेगरी असतात, आकडा मोठा तितकी काच गडद. लख्ख उन्हात एस३ छान, पण ढग आले की तिच्यातून बर्फाचे उंचवटे दिसतच नाहीत, तेव्हा एस१ लागते. म्हणून काच बदलता येणाराच घ्या, थोडा महाग पडला तरी. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो, सनस्क्रीन हनुवटीखाली पण लावायचं.

जॅकेट १०,००० मिलिमीटर वॉटरप्रूफ रेटिंगचं आहे, म्हणजे हा आकडा जितका मोठा तितकं कापड पाण्याचा जास्त दाब सोसतं. बर्फात एकदम कोरडं, इगतपुरीच्या पावसात मात्र हल्ली बाहेरचं कापड पाणी प्यायला लागलंय, थेंब आधीसारखे घरंगळत नाहीत. हे वरच्या कोटिंगचं होतंच, जॅकेट वाया गेलं असं नाही. वॉटरप्रूफ कपड्यांचं वेगळं लिक्विड मिळतं त्याने धुवायचं, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही, आणि लेबलवर चालतं लिहिलं असेल तर हलकी इस्त्री, थेंब परत घरंगळायला लागतात.

इन्शुरन्स घेताना पॉलिसीत विंटर स्पोर्ट्स लिहिलंय का ते स्वतः वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बरेचदा नसतं, आणि आखलेल्या पिस्टबाहेर, म्हणजे स्कीसाठी तयार केलेल्या उतारांबाहेर, गेलं तर कव्हर मिळतं का तेही बघा. गुडाउरी राजधानी तिबिलिसीहून साधारण १२० किलोमीटर, पण घाटरस्ता आहे, जोराचा बर्फ पडला की कधीकधी बंद होतो, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तिबिलिसीतच मुक्काम ठेवा.

जायच्या आधी दोनेक महिने पांडवलेणीच्या पायऱ्या करा, त्यातही उतरताना सावकाश उतरा, स्कीमध्ये मांड्यांवर तसाच ताण येतो. हेल्मेट आम्ही तिथेच भाड्याने घेतलं, गॉगल लावून बघूनच, मध्ये कपाळ उघडं राहत असेल तर दुसरं मागा.